हयातीचा दाखला

नववी ब. चौथा तास. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध.
बंदरातला चहा, तेरा वसाहती, जाहीरनामा,
सगळं फळ्यावर मांडून झालं
आणि शेवटच्या बाकावरून सानिका उंडेने विचारलं,
"बाई, ज्यांना राजाच हवा होता, त्यांचं काय झालं?"

पुस्तकात त्यांना दीड ओळ आहे.
मी म्हटलं, पुष्कळजण जहाजात बसून गेले,
उत्तरेला, थंडीत. राजाने जमिनी दिल्या.
"आणि ज्यांना जहाज मिळालं नाही ते?"
घंटा झाली.

त्यांतले एक रास्ता पेठेत राहायचे,
पॉवर हाउसच्या मागे, दोन खोल्यांत.
रावसाहेब भास्कर विठ्ठल टिपणीस,
माझ्या वडिलांचे सख्खे काका.
बेचाळीस साली कॅम्पात, सेन्सॉरच्या कचेरीत,
किटलीच्या वाफेवर लोकांची पाकिटं उघडायचे,
मराठीचं इंग्रजी करायचे,
आणि पुन्हा डिंक लावताना
कडेला एक सुरकुती राहू द्यायचे नाहीत.

विचारलं तर म्हणत, शपथ घेतली होती.
शपथ म्हणजे काय सदरा आहे,
गावाने बदलला की आपणही बदलायचा?
आई म्हणे, इमान कसलं, इनाम.
दोन अक्षरांची अदलाबदल फक्त.
वह्या तपासताना अजूनही
या दोन शब्दांपाशी माझं लाल पेन अडतं.

त्या भाद्रपदात बाबा पकडले गेले.
वय वीस, पायजम्याच्या नाडीत बुलेटिनं.
अकरा महिने येरवडा.
कुणी म्हणालं, पत्रावरून सापडला.
कुणी म्हणालं, सायकलला दिवा नव्हता म्हणून.

राज्य गेलं.
घोरपडीचा गार्ड हॉकिन्स बोटीने पर्थला गेला,
जाताना काकांना छत्र्यांचा स्टँड देऊन गेला.
काकांकडे छत्री एकच.
दारावरच्या पाटीतलं "रावसाहेब" त्यांनी स्वतःच
ब्लेडने खरवडलं. तेवढं लाकूड फिकट राहिलं,
आणि ते रस्त्यावरूनही वाचता यायचं.
कुणी काही बोललं नाही.
पुण्यात बोलत नाहीत,
फराळाचं ताट यायचं थांबतं.

पेन्शन मात्र थांबली नाही.
जुन्या राज्याच्या चाकरीचे पैसे
नवं राज्य दर महिन्याला मोजत राहिलं,
कागदावर मुकुटाच्या जागी सिंह, एवढाच फरक.

चौऱ्याहत्तरचा नोव्हेंबर. ट्रेझरी.
मी दहा वर्षांची, हातात बाबांची पिशवी.
त्यांनाही आता पेन्शन लागलेली, स्वातंत्र्यसैनिकाची.
रांगेत आमच्या पुढे एक कोट,
कोपरांवर दोन्हीकडे रफू.
बाबा एकदम गप्प झाले.
एकाने राज्य टिकावं म्हणून जन्म घासला,
दुसऱ्याने जावं म्हणून,
आणि खिडकीतला कारकून दोघांवरही सारखाच खेकसत होता,
"जिवंत आहात याचा कागद कुठाय?"

बत्तीस वर्षं दोघं बोलले नव्हते.
काकांचा हात कापत होता, टाक फॉर्मवर टेकेना.
बाबांनी आपल्या पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं.
मग खालच्या आवाजात, माझ्याकडे पाठ करून,
"काका, ते पत्र तुम्ही वाचलं होतं?"

काकांनी सही पुरी केली. खाली दोन टिंबं दिली.
शाईवर फुंकर घातली, पेन परत दिलं.
"पद्मा, तुझं अक्षर तेव्हाही फार वाईट होतं."

बस. काठी टेकत निघून गेले.
बाबा लकडी पुलापर्यंत सायकल हातात धरून चालले,
चढ नसताना.
मी दोनदा विचारलं, म्हणजे वाचलं की नाही?
ते म्हणाले, पिशवी नीट धर.

उद्या पुन्हा नववी ब. सानिका विसरणारी नाही.
हॉकिन्सचा स्टँड फिरत फिरत माझ्याकडे आला आहे,
पितळेचा, एक पाय किंचित आखूड.
शाळेत नेला मी. त्यात नकाशे उभे राहतात.
तेरा वसाहतींचा आज गुंडाळून ठेवला,
तर तोल जाऊन
सगळा स्टँडच भिंतीला टेकला.